बिसाया कवितेला दार उघडा : मनिलातल्या पुरस्कार-मंडळींना खुलं पत्र

प्रति,
कार्लोस पलांका स्मृती साहित्य पुरस्कार देणारं प्रतिष्ठान,
राष्ट्रीय ग्रंथ विकास मंडळ,
आणि मनिला क्रिटिक्स सर्कल,
मनिला, फिलिपिन्स.

स. न. वि. वि.

मी लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दवाखाना चालवते. तुमच्या देशात, दावाओ शहरात, मी सहा वर्षं राहिले आणि तिथेच डॉक्टर झाले. आमच्या भागातून बरीच मुलंमुली तिकडे वैद्यकीचं शिक्षण घ्यायला येतात, पदवी घेतात, परत येऊन इथल्या परीक्षेच्या तयारीला लागतात. मीही तेच केलं. पण परतताना एक भाषा माझ्याबरोबर आली, ती अजून गेलेली नाही. तिच्यासाठी हे पत्र. मराठीत लिहितेय, कारण मनातलं नीट सांगायचं तर मला हीच भाषा लागते, आणि हे माझ्या माणसांनीही वाचावं असं वाटतं.

विनंती आधीच सांगून टाकते. पलांका पुरस्कारांत इंग्रजी आणि फिलिपिनो या दोन भाषांना कथा, कविता, निबंध, एकांकिका, पूर्ण लांबीचं नाटक, बालकथा, बालकविता असे सगळे साहित्यप्रकार खुले आहेत. सेबुआनो (दावाओत लोक तिलाच बिसाया म्हणतात, मीही या पत्रात तसंच म्हणणार आहे), हिलिगायनोन आणि इलोकानो या तीन भाषांच्या वाट्याला फक्त कथा आली. या तिघींना कविता आणि बालसाहित्यही खुलं करा. आणि राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार देणाऱ्यांनी साप्ताहिकांत पडून राहिलेल्या कादंबऱ्यांना पुस्तकाचं रूप मिळेल अशी काही वाट काढावी.

मराठी माणसाला मनिला माहीत आहे ती मॅगसेसे पुरस्कारामुळे. १९५८ साली पहिल्याच वर्षी तो विनोबांना मिळाला. पुढे जामखेडच्या आरोळे दाम्पत्याला, बाबा आमट्यांना, मग प्रकाशभाऊ आणि मंदाताईंना. आमच्या घरी माझं दावाओला जायचं ठरलं तेव्हा वडिलांनी शेजाऱ्यांना सांगितलं होतं, ‘बाबांना जिथलं पारितोषिक मिळालं त्या देशात चाललीय.’ हाच मॅगसेसे १९८० साली फ्रान्सिस्को सियोनिल होसे आणि १९९३ साली बिएनवेनिदो लुम्बेरा या तुमच्या लेखकांना मिळाला होता, हे मात्र मला तिथे गेल्यावर कळलं. त्यातून मी तुमचं साहित्य वाचायला लागले, आधी अर्थातच इंग्रजीतलं. बाकी काही वाचताच येत नव्हतं.

कॉलेजात शिकवणं इंग्रजीत होतं, त्यामुळे पहिली काही वर्षं कुठे अडलं नाही. अडलं ते सरकारी रुग्णालयातल्या वॉर्डात. एक म्हातारे कोळी पाय घेऊन आले होते, पायाला जुनी जखम. मी विचारलं, कुठे दुखतंय? माझी तेवढी वाक्यं पाठ होती. ते म्हणाले, ‘ङुत्ङुत.’ मी केसपेपरवर ‘पेन’ (pain) लिहिलं. शेजारच्या सिस्टरनं माझ्या हातातून पेन घेतलं आणि म्हणाली, डॉक्टर, ङुत्ङुत म्हणजे नुसतं दुखणं नव्हे. ते आत बसून कुरतडतं, रात्री झोपू देत नाही. मला एकदम कळलं. ठणका! जखम आत पिकत असल्याची खूण. केसपेपरवरच्या माझ्या त्या इंग्रजी शब्दात हे कुठेच नव्हतं.

त्या दिवसापासून मी एक वही केली. हापदोस म्हणजे जखमेवर लिंबू पडल्यासारखं झोंबणं. लाबाद म्हणजे डोकं ठणकणं. पानूहोत म्हणजे अंगात वारा भरून पाठ-खांदे धरणं. माझी आजी ज्याला ‘उसण भरली’ म्हणते त्याच्या अगदी जवळचं. सगळं देवनागरीत लिहायचे. तो ‘ङ’ आपल्या वर्णमालेत आहे आणि आपण मराठीत तो कधी शब्दाच्या सुरुवातीला वापरत नाही. तिकडे तो रोज, रुग्णांच्या तोंडी. शाळेत ‘क ख ग घ ङ’ म्हणताना वाया गेल्यासारखं वाटलेलं ते अक्षर मला दावाओच्या वॉर्डात कामी आलं.

मी राहत होते त्या घराची मालकीण सत्तरीची होती. सगळे तिला लोला म्हणत, म्हणजे आजी. मूळची बोहोल बेटावरची, लग्न होऊन मिंदानाओला आलेली, बांकेरोहानच्या मंडईत भाजीचा गाळा चालवून तिनं तीन मुलं वाढवली होती. तिच्या पलंगाखाली बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा होता. एकदा पावसात खोलीत पाणी शिरलं तेव्हा तिनं सगळ्यात आधी तो डबा उचलून टेबलावर ठेवला. मला वाटलं दागिने असतील. आत ‘बिसाया’ साप्ताहिकातली कात्रणं होती. क्रमशः येणाऱ्या कादंबरीचं एकेक प्रकरण दर आठवड्याला कापून, एकावर एक रचून, तिनं ते जाड पांढऱ्या दोऱ्यानं शिवून काढलेलं. टाके गोधडीचे असतात तसे. वर कव्हर म्हणून कॅलेंडरचं पान. अशा सात-आठ चोपड्या. कडा वाळवीनं खाल्लेल्या, मधली काही प्रकरणं गायब, कारण त्या आठवड्यात अंक घ्यायला पैसे नव्हते. त्या जागी तिनं कोरा कागद शिवला होता. पुढेमागे ते प्रकरण सापडलं तर चिकटवता यावं म्हणून.

मी विचारलं, ही पुस्तकं दुकानात नाही मिळत? ती म्हणाली, ही पुस्तकं कुठे झालीच नाहीत.

हे ‘बिसाया’ १९३० पासून निघतंय. इलोकानोचं ‘बान्नावाग’ आणि पश्चिम विसाया बेटांवरचं ‘हिलिगायनोन’ ही दोन्ही १९३४ ची. तुमच्या देशातल्या या भाषांचं साहित्य मोठ्या प्रमाणात अशा साप्ताहिकांनी जगवलं. लोक विकत घेत, एक अंक दहा घरं फिरे, आणि मग त्यात मासळी बांधली जाई. आता राष्ट्रीय ग्रंथ पुरस्काराकडे बघा. नावच ग्रंथ पुरस्कार. १९८२ पासून मनिला क्रिटिक्स सर्कल तो देत आलं आणि नंतर राष्ट्रीय ग्रंथ विकास मंडळ त्यात सामील झालं. छापलेलं, बांधलेलं, प्रकाशकाचं नाव असलेलं पुस्तक समोर आलं तरच परीक्षक ते वाचणार. यात कुणाचा पक्षपात नाही, मला मान्य आहे. पण ज्या भाषेत प्रकाशकच मोजके, तिथली उत्तम कादंबरी लोलाच्या डब्यातच राहते. अलीकडच्या वर्षांत आपण प्रादेशिक भाषांतल्या पुस्तकांकडे लक्ष वळवलंत, हे मी आनंदानं पाहतेय. म्हणूनच पुढचं पाऊल मागायचा धीर होतो: साप्ताहिकांतून आलेल्या आणि आता पहिल्यांदाच पुस्तकरूपात येणाऱ्या जुन्या लेखनासाठी एक स्वतंत्र पारितोषिक ठेवा. पारितोषिक आहे म्हटलं की सेबू, इलोइलो, विगानमधला एखादा छोटा प्रकाशक ते काम हाती घेईल.

रामोन मुसोनेस यांचं उदाहरण तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. हिलिगायनोनमध्ये त्यांनी साठाच्या वर कादंबऱ्या लिहिल्या, बहुतेक साप्ताहिकांतून. त्यांच्या गाजलेल्या कादंबरीनं अंकाचा खप कितीतरी पटींनी वाढवला होता. ते वारले १९९२ साली. राष्ट्रीय कलावंत हा तुमचा सर्वोच्च सन्मान त्यांना जाहीर झाला २०१८ मध्ये. सव्वीस वर्षांनी. हा किताब १९७२ साली सुरू झाला. साहित्यासाठी त्यानं गौरवलेल्या आधीच्या जवळजवळ सगळ्या लेखकांनी इंग्रजी किंवा फिलिपिनोत लिहिलेलं. त्या लेखकांच्या मोठेपणाबद्दल माझ्या मनात किंचितही शंका नाही. निक होआकिन यांनी १९७६ साली, मार्शल लॉच्या दिवसांत, हा सन्मान घेताना अट घातली की तुरुंगात असलेला कवी होसे लाकाबा सुटला पाहिजे, आणि तो सुटला. ही गोष्ट मी माझ्या मुलीला सांगितली आहे. पुरस्कार किती काय करू शकतो हे तुमच्याच देशानं दाखवून दिलं. माझी सगळी विनंती त्या विश्वासावर उभी आहे.

आता कवितेकडे येते. लोलाचा एक नातू होता, माझ्याहून तीन-चार वर्षांनी लहान, दिवसा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात आणि रात्री कॉलेजात. तो ‘बालाक’ लिहायचा. बिसायात कवितेला बालाक म्हणतात. बेटांवर पूर्वी ‘बालिताव’ असायचा; बाई आणि पुरुष समोरासमोर नाचत, गाण्यातून एकमेकांना उत्तरं देत, जागच्या जागी रचत. त्यानं मला ते समजावून सांगितलं तेव्हा मला आपल्या सवाल-जवाबाची आठवण झाली. लोलाला तरुणपणी ऐकलेल्या बालितावाच्या ओळी पाठ होत्या आणि नातवाच्या कवितेत तो ठेका आपसूक यायचा.

त्याला पलांकासाठी कविता पाठवायच्या होत्या. लेखकाचं नाव झाकून परीक्षण होतं, त्यामुळे मोबाइल दुरुस्त करणाऱ्या पोराची कविता आणि विद्यापीठातल्या प्राध्यापकाची कविता एकाच ढिगात पडते, याचं त्याला फार अप्रूप होतं. नियमावली वाचून तो गप्प झाला. सेबुआनो कविता हा प्रकारच नव्हता. मग त्यानं स्वतःच आपल्या दहा कवितांचं इंग्रजी केलं. महिनाभर रोज रात्री दोनपर्यंत जागून.

त्यातली एक कविता आजोबा गेल्यावरच्या घराविषयी होती. पहिल्याच ओळीत ‘मिङाव’ हा शब्द. घर मिङाव आहे, म्हणजे घर ओकंबोकं आहे. आणि त्याच शब्दापासून ‘मला तुझी आठवण येते’ हे वाक्यही होतं. म्हणजे बिसायात रिकामं घर आणि घरातल्या माणसाची हुरहूर एकाच शब्दात असतात. त्याला इंग्रजीत एक निवडावं लागलं. त्यानं आधी एक लिहिलं, खोडलं, दुसरं लिहिलं, तेही खोडलं. शेवटी माझ्याकडे आला, तुमच्या भाषेत आहे का असा शब्द? मी बराच विचार केला. माझ्याकडेही दोन निघाले, एक घरासाठी आणि एक मनासाठी.

पाठवण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यानं त्या इंग्रजी कविता लोलाला वाचून दाखवल्या. ती तांदूळ निवडत होती. पूर्ण ऐकलं. तिला ‘हाउस’ कळलं, ‘ग्रँडफादर’ कळलं. ‘नींदोत,’ म्हणाली. छान आहे. मग थोड्या वेळानं म्हणाली, आता आपल्यातलं वाच. त्यानं मूळ बालाक वाचली. पहिल्या ओळीला तिचा हात ताटात थांबला, आणि कविता संपेपर्यंत हललाच नाही.

त्याला पारितोषिक मिळालं नाही. त्याबद्दल काहीच तक्रार नाही; शेकडो जण पाठवतात, तीन जणांना मिळतं. खंत एवढीच की जी कविता त्यानं लिहिली होती ती परीक्षकांनी वाचलीच नाही. त्यांनी तिचं भाषांतर वाचलं.

हे असं का झालं, म्हणून मी नंतर मागचं थोडंफार वाचलं. १९३७ च्या अखेरीस अध्यक्ष केसोन यांनी राष्ट्रभाषेचा पाया तागालोग असेल असं जाहीर केलं; तीच राष्ट्रभाषा आजची फिलिपिनो. १९४० मध्ये राष्ट्रकुल सरकारची (म्हणजे अमेरिकेच्या अमलाखालच्या तुमच्या त्या वेळच्या स्वायत्त सरकारची) साहित्य पारितोषिकं दिली गेली ती इंग्रजी, तागालोग आणि स्पॅनिश या तीन भाषांत. त्या वेळचे उपाध्यक्ष सेर्हियो ओस्मेन्या सेबूचे, त्यांची मायबोली बिसाया. तरी बिसायाचं नाव त्यात नव्हतं. मग १९५० साली पलांका पुरस्कार आले आणि त्यांनी कथेसाठी इंग्रजी आणि तागालोग या दोन भाषा घेतल्या. वाट आधीच पडलेली होती, ते तिच्यावरून चालले.

कार्लोस पलांका हे चीनमधून आलेले व्यापारी. तोंदोच्या दारूच्या कारखान्यातून त्यांनी पैसा उभा केला. ते गेल्यावर घरच्यांनी त्यांच्या नावानं ही पारितोषिकं सुरू केली, ती ज्या भाषांत केली त्यांतली एकही त्यांची जन्मभाषा नव्हती. मला यात मोठं मन दिसतं. परक्या मुलखात येऊन तिथल्या साहित्याला पंचाहत्तर वर्षं हात देणं ही साधी गोष्ट नाही. त्या मनाकडेच मी हे मागतेय.

आता एक हिशेब मांडते. सेबूमध्ये विसेंते सोत्तो यांनी ‘आङ सुगा’ हे बिसाया वृत्तपत्र काढलं ते १९०१ साली, आणि त्यातच त्यांची बिसाया कथा आली. सुगा म्हणजे दिवा. फिलिपिनो माणसानं इंग्रजीत लिहिलेली पहिली जमलेली आधुनिक कथा म्हणून जिचं नाव घेतात, ती पाझ मार्केझ-बेनितेझ यांची कथा १९२५ ची. म्हणजे बिसाया कथा इंग्रजी कथेच्या जवळपास पाव शतक आधीची. पलांकात इंग्रजी कथा आली १९५० ला. बिसाया, हिलिगायनोन आणि इलोकानो कथा आल्या १९९७ ला. सत्तेचाळीस वर्षं. आणि ते दार उघडल्याला आता पाव शतकाहून जास्त काळ लोटला, तरी कथेच्या मागोमाग कविता आत आलेली नाही.

पारितोषिकाचा मान तर आहेच, पण त्यामागे एक साखळी असते. पलांकाच्या पहिल्याच वर्षी तागालोग कथेचं पहिलं पारितोषिक हेनोवेवा एद्रोसा-मातुते यांना मिळालं. त्या स्वतः शिक्षिका, आणि कथाही एका शिक्षिकेचीच. ती आजवर पिढ्यान्‌पिढ्या शाळेत वाचली गेली. पारितोषिक मिळालं की संग्रहात येतं, संग्रहातून पाठ्यपुस्तकात, तिथून शिक्षकाच्या तोंडी आणि मुलांच्या वहीत. बिसाया कवितेसाठी या साखळीची पहिली कडीच नाही.

आणि आता शाळेतूनही तिचा पाय निघालाय. तुमच्याकडे २०१३ च्या कायद्यानं बालवाडी ते तिसरीपर्यंत मायबोलीतून शिकवणं सक्तीचं झालं होतं. मी दावाओत असतानाच ते सुरू झालं. लोलाची पणती बिसायातल्या गोष्टीचं पुस्तक घेऊन घरी यायची आणि लोला तिच्याकडून ते हिसकावून स्वतः वाचायची. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते सक्तीचं धोरण नव्या कायद्यानं मागे घेतलं गेलं. पुन्हा फिलिपिनो आणि इंग्रजी. यामागे अडचणी खऱ्या असतील. एका वर्गात चार भाषांची मुलं असतात हे मी पाहिलंय. पण सरकारनं हात काढल्यावर बिसायात मुलांसाठी कोण लिहिणार? बालकथा आणि बालकविता हे पलांकाचे प्रकार इंग्रजी-फिलिपिनोत आहेतच. ते या तीन भाषांना आत्ता, याच वर्षी खुले झाले तर लिहिणाऱ्यांना काहीतरी आधार राहील.

इथे एक आठवण सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ८ नोव्हेंबर २०१३ ला योलांदा वादळ ताक्लोबानवर आदळलं. दावाओ वाचलं. आम्ही विद्यार्थी आठवडाभर औषधांची खोकी भरत होतो. वाचलेल्या लोकांचं बोलणं रेडिओवर येत होतं, आणि एकच गोष्ट वेगवेगळ्या तोंडून ऐकू येत होती: इशाऱ्यात ‘स्टॉर्म सर्ज’ म्हणत होते, ते म्हणजे काय ते आम्हाला कळलं नाही, त्सुनामीसारखं पाणी येणार म्हटलं असतं तर पळालो असतो. सरकारी आकडा ६,३०० मृतांचा आहे. हा दोष पुरस्कारांचा मुळीच नाही, आणि मी तसं म्हणतही नाहीये. डॉक्टर म्हणून मला एवढं दिसलं की कागदावरची भाषा आणि चुलीजवळची भाषा यांत जेव्हा इतकं अंतर पडतं, तेव्हा माणसं मरतात. त्या भागातली वाराय भाषा ज्यांनी साहित्यात आणली त्यांत मेर्ली अलुनान यांचं नाव मोठं आहे. त्या आधी इंग्रजी कवयित्री म्हणून पुढे आल्या, आणि मग वाराय-सेबुआनोतही लिहू लागल्या. असा परतीचा प्रवास तुमच्याकडे अनेकांनी केलाय. त्यांना पुरस्कारांची साथ हवी.

काही हरकती मला आधीच ऐकू येतायत.

परीक्षक कुठून आणायचे? पण कथेसाठी ते १९९७ पासून मिळतातच आहेत. सेबूच्या सान कार्लोस विद्यापीठात रेसिल मोहारेस यांनी १९७५ साली सेबुआनो अभ्यास केंद्र उभं केलं. मोहारेस आज स्वतः राष्ट्रीय कलावंत आहेत. पश्चिम विसायात लेओन्सिओ देरियादा यांनी हिलिगायनोन आणि किनाराय-आ लिहिणारी पिढीच्या पिढी घडवली. त्यांचं बालपण दावाओत गेलं होतं हे कळल्यावर मला उगाच आपल्या गावचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. ते पलांकाच्या हॉल ऑफ फेममध्ये आहेत. इंग्रजी, फिलिपिनो आणि हिलिगायनोन अशा तिन्ही भाषांत लिहिणारा लेखक तुमच्याच पारितोषिकांनी मोठा केला. परीक्षक तुमच्या घरातच आहेत.

शंभराहून जास्त भाषा आहेत, कुठे थांबायचं? ही हरकत खरी आहे, आणि मी ती हलक्यानं घेत नाही. किनाराय-आ, बिकोल, वाराय, कापाम्पांगान, पांगासिनान, ताऊसुग, मारानाव असे कितीतरी जण दारात उभे आहेत. एकदम सगळ्यांना आत घेता येणार नाही. पण ज्या तीन भाषा आत आल्याच आहेत त्यांना एका खुर्चीवर तरी किती वर्षं बसवून ठेवणार? तिथून सुरुवात करा. बाकीच्यांसाठी एकेक वर्ष आळीपाळीनं ठेवता येईल. कादंबरीला तुम्ही दरवर्षी जागा देत नव्हताच.

राष्ट्रभाषा दुबळी होईल? तुमच्या १९८७ च्या राज्यघटनेच्या चौदाव्या प्रकरणात सहावं कलम आहे. फिलिपिनो भाषा ही देशातल्या आणि इतर भाषांच्या आधारानं विकसित आणि समृद्ध करायची, असं त्यात म्हटलंय. बिसायात उत्तम कविताच लिहिली गेली नाही तर फिलिपिनो घेणार काय तिच्याकडून? ‘मिङाव’ कधीतरी राष्ट्रभाषेत जायचा असेल तर आधी तो बिसाया कवितेत जिवंत राहायला हवा.

आमच्याकडचं एक सांगते, कारण ते कबूल करायला हवं. आमच्या साहित्य अकादमीचे पुरस्कार १९५५ पासून निरनिराळ्या भारतीय भाषांना दिले जातात. त्या पहिल्या वर्षी मराठीतला पुरस्कार तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींना मिळाला. आज अकादमी चोवीस भाषा मानते. पण कोकणीला तिथे जागा मिळायला १९७५ उजाडावं लागलं, आणि ती मिळू नये असं म्हणणाऱ्यांत आम्ही मराठी माणसं पुढे होतो. कोकणी ही मराठीचीच बोली, वेगळा पुरस्कार कशाला, असं आमचे मोठमोठे लोक म्हणत. १९७७ साली रवींद्र केळेकरांना कोकणीतला पहिला अकादमी पुरस्कार मिळाला. पुढे त्यांनाच ज्ञानपीठ मिळालं, आणि त्यानंतर दामोदर मावजोंना. त्यानं मराठीचं काही कमी झालं नाही. जिला आम्ही बोली म्हणत होतो तिनं आमच्या शेजारी बसून आम्हालाच वाचायला चांगलं काही दिलं. हे सांगताना मला थोडी लाज वाटते, पण तुमच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतेय.

२०२५ च्या ऑक्टोबरात फ्रँकफर्टच्या पुस्तक-मेळ्यात तुमचा देश सन्माननीय पाहुणा होता. घोषवाक्य रिझाल यांच्या कादंबरीतून घेतलेलं. मला ते छायाचित्रांतून बघताना भरून आलं, अगदी आपल्या घरचं कार्य असल्यासारखं. रिझाल यांनी ती कादंबरी स्पॅनिशमध्ये लिहिली, बर्लिनमध्ये १८८७ साली छापली, आणि आज बहुतेक फिलिपिनो मुलं ती भाषांतरातूनच वाचतात. आपला सगळ्यात मोठा लेखक भाषांतरातून वाचायची ज्या देशाला सवय आहे, तिथल्या परीक्षकांना बिसाया कविता आणि तिच्याशेजारी फिलिपिनो भाषांतर असं वाचायला जड जाऊ नये. स्पर्धेला प्रवेशिका मूळ भाषेत मागवा, हवं तर सोबत भाषांतरही मागा, आणि निर्णय मूळ भाषा जाणणाऱ्यांकडे ठेवा.

लोला २०१९ मध्ये गेली. डबा आता नातवाकडे आहे. दुकानातून वेळ मिळेल तसा तो एकेका चोपडीचे फोटो काढून टंकलेखन करतो. दोन कादंबऱ्या झाल्या आहेत. कोऱ्या पानांच्या जागची प्रकरणं शोधायला त्याला कुणा ग्रंथालयाची मदत मिळाली तर हवी आहे. राष्ट्रीय ग्रंथ विकास मंडळानं याबाबत वाट दाखवली तर तो स्वतः दावाओहून मनिलाला यायला तयार आहे, मला त्यानं तसं कळवलंय.

या पत्राचं बिसाया, फिलिपिनो आणि इंग्रजी भाषांतर त्यानंच केलं असून तिन्ही प्रती सोबत जोडल्या आहेत. त्याची ती आजोबांच्या घरावरची कविताही जोडली आहे, मूळ बिसायातली. तिचं इंग्रजी आम्ही दोघांनी मिळून या वेळी पुन्हा करून पाहिलं. पहिल्या ओळीतला तो शब्द तसाच ठेवलाय.

आपली,
दावाओची एक जुनी विद्यार्थिनी,
जिल्हा लातूर, महाराष्ट्र